प्रतिकारशक्तीसाठी व्हिटॅमिन डीचं कोणतं सप्लिमेंट निवडावं?

तुम्ही लिहिलंय की सारखी सर्दी होते, रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी १६ आलंय, आणि आता डी२ घ्यावं की डी३, गोळी की थेंब, सोबत व्हिटॅमिन के२ असलेलं की नसलेलं, हे ठरत नाहीये. प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे: "भाऊ म्हणतो सरळ ६०,००० चं रोज घे, व्हिटॅमिनच आहे, जास्तीचं लघवीतून निघून जातं." बाकी प्रश्न वाचून मी पुढे गेले असते. त्या ओळीमुळे लिहायला बसले.

निघून जात नाही. बी आणि सी पाण्यात विरघळतात, त्यांचं जास्तीचं बऱ्याच अंशी लघवीवाटे जातं. डी चरबीत विरघळतं. शरीर ते साठवून ठेवतं आणि गोळ्या बंद केल्यावरही महिनोन्‌महिने थोडं थोडं रक्तात सोडत राहतं. तुमच्या भावाचं वाक्य माझ्या सख्ख्या भावाने शब्दन्‌शब्द असंच उच्चारलं होतं आणि त्याची किंमत आमच्या आप्पांनी मोजली.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये १४ वर्षं काम करते. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऋतू बदलला की खोकला धरायचा. तपासणीत डी १४ आलं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, अशी लिहून दिली. यात काहीही चूक नव्हती. खरी कमतरता असेल तर असा कोर्स देतात, आणि त्याला शेवट असतो. आप्पांना बरं वाटायला लागलं, त्या दोन महिन्यांत खोकलाही झाला नाही. कोर्स संपला. आप्पा दादाकडे राहतात, त्यांची औषधं तोच आणतो. त्याने ठरवलं की आठवड्याला एक घेऊन एवढा फरक पडतो तर रोज एक घेऊन प्रतिकारशक्ती आणखी वाढेल. शिवाय हाडांसाठी म्हणून कॅल्शियमची गोळी सुरू केली, तिच्यातही डी३ होतंच.

मला हे फोनवर ओझरतं कळलं. मी म्हटलं, "दादा, ती रोज घ्यायची गोळी नाही." तो म्हणाला, "तू सॅम्पल तपासतेस, डॉक्टर नाहीस." आणि मग ते लघवीचं वाक्य. मी गप्प बसले. तो मोठा आहे, आप्पांचं सगळं तोच करतो, मी दूर राहून काय सांगणार, असं वाटलं. ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

साधारण तीन महिन्यांनी भेटायला गेले तर आप्पा निम्मे झाले होते. भूक नव्हती, पोट साफ होत नव्हतं, रात्रीत पाच-सहा वेळा लघवीला उठायचे आणि उठले की तांब्याभर पाणी प्यायचे. घरात सगळे "आता वय झालं" म्हणत होते. मला धक्का बसला तो वर्तमानपत्रं बघून. आप्पा रोज शब्दकोडं सोडवतात, पेनाने, खाडाखोड न करता. तीन आठवड्यांचे अंक पडले होते आणि एकाही कोड्यात चार-पाच शब्दांच्या पुढे काही भरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच रक्त काढलं आणि लॅबमध्ये नेऊन लावलं. कॅल्शियम १३.६ आलं. नॉर्मल ८.५ ते १०.५ असतं. आधी वाटलं मशीन चुकतंय. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, लावले, ते बरोबर आले. मग वाटलं माझंच चुकलं असेल, कारण दंडाचा पट्टा जास्त वेळ बांधून ठेवला की कॅल्शियम थोडं वाढून येतं. परत जाऊन पट्टा न बांधता सॅम्पल काढलं. १३.५. असा आकडा आला की आम्ही रिपोर्ट छापायची वाट बघत नाही, रुग्णाच्या डॉक्टरांना आधी फोन करतो. तो फोन मी स्वतःच्या वडिलांसाठी केला.

आप्पा सहा दिवस ॲडमिट होते. सलाइन, स्टेरॉइड, आणि डी व कॅल्शियम पूर्ण बंद. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीचा, म्हणजे रक्तात डीचं जे रूप मोजतात त्याचा, आकडा मशीनने दिलाच नाही, "१५० पेक्षा जास्त" एवढंच दाखवलं. पीटीएच, म्हणजे कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉइडचं हार्मोन, अगदी तळाला गेलेलं, म्हणजे दोष पॅराथायरॉइड ग्रंथीचा नव्हता. रोज ६०,००० म्हणजे ९० दिवसांत ५४ लाख युनिट. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० साली प्रौढांसाठी ठरवलेली सुरक्षित वरची मर्यादा आहे दिवसाला ४,०००. रक्तात कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, पाणी नुसतं वाहून जातं, शरीर कोरडं पडतं आणि त्या कोरडेपणाने कॅल्शियम आणखी चढतं. जे लघवीतून गेलं ते पाणी होतं, डी नव्हे. क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं, २.१ वर गेलं होतं. ते १.४ पर्यंत खाली आलं, पण पूर्वीच्या १.० वर परत कधीच आलं नाही.

आता प्रतिकारशक्ती. डीचा तिच्याशी संबंध नाही असं कोणी म्हणत असेल तर तेही चूक आहे. आपल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशी डीला जागच्या जागी सक्रिय रूप देतात आणि त्याच्या मदतीने कॅथेलिसिडिन नावाचं जंतूंना मारणारं प्रथिन बनवतात. २००६ साली 'सायन्स' नियतकालिकात हे सविस्तर आलं. कच्चा माल अपुरा असेल तर हे काम अडतं. पण कमतरता भरून काढणं वेगळं आणि भरल्यावरही ओतत राहणं वेगळं. दादाला हा फरक मी कधीच पटवू शकले नाही.

२०१७ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २५ चाचण्यांचं, सुमारे ११,००० लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण आलं. रोज किंवा आठवड्याला डी घेणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाचे संसर्ग कमी झाले, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो ज्यांची पातळी १० च्याही खाली होती त्यांना. अधूनमधून एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना फायदा दिसला नाही. २०२१ मध्ये ४३ चाचण्या एकत्र केल्यावर परिणाम आणखी लहान दिसला, आणि जो दिसला तो रोज ४०० ते १,००० युनिट घेणाऱ्यांत. २०२५ मध्ये आणखी चाचण्यांची भर पडली तेव्हा एकूण फायदा संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणून सांगते, डी घेतल्याने सर्दी होणारच नाही अशी आशा धरू नका. कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, तेवढ्यासाठी घ्या.

आणि मोठा डोस म्हणजे मोठा फायदा म्हणणाऱ्यांनी २०१० ची ऑस्ट्रेलियातली चाचणी बघावी. ७० वर्षांपुढच्या २,२५६ स्त्रिया होत्या, काहींना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले. त्यांची हाडं मोडू नयेत म्हणून दिले होते. झालं उलटं, त्या जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. डी३ घ्या. डी२ ने पातळी कमी चढते आणि लवकर उतरते. डी३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात, ते चालत नसेल तर दगडफुलापासून काढलेलं डी३ मिळतं. रोज १,००० ते २,००० युनिट पुरे. लेबलवर मायक्रोग्रॅम लिहिले असतील तर ४० ने गुणा, २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १,००० युनिट. दिवसातलं मोठं, थोडी स्निग्धता असलेलं जेवण असेल त्याच्याबरोबर घ्या, रिकाम्या पोटी नको. गोळी की थेंब याने फारसा फरक पडत नाही. फक्त थेंबांच्या बाटलीवर एका थेंबात किती युनिट ते नीट वाचा. ड्रॉपर भरून देण्यातून तान्ह्या बाळांना जास्त डोस जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेला २०१० मध्ये द्यावा लागला होता.

कंपनी कोणती ते मी सांगणार नाही. बाहेरच्या संस्थेने तपासून शिक्का दिलेलं उत्पादन असेल तर ते निवडा, जसं औषधांचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या यूएसपी या संस्थेचं प्रमाणपत्र असतं. हा शिक्का दिखाव्याचा नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांत लेबलवर लिहिलेल्याच्या ९ टक्क्यांपासून १४६ टक्क्यांपर्यंत डी सापडलं होतं. मल्टिव्हिटॅमिन किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर त्यातलंही डी बेरजेत धरा. आमच्या घरी ती बेरीज कोणीच केली नव्हती.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. चाचणी २५-हायड्रॉक्सीचीच सांगा. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची दुसरी चाचणी आहे, लोक "हे सक्रिय रूप आहे" म्हणून तीच करून मागतात आणि महागडा, निरुपयोगी आकडा घेऊन जातात. कमतरता असतानाही ती नॉर्मल येऊ शकते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देताना लॅबला सांगा, काही मशीनवर त्याने डी खोटं वाढून येतं. रिपोर्टवर एककही बघा. नॅनोमोलचा आकडा नॅनोग्रॅमच्या अडीचपट असतो, त्यामुळे ४० नॅनोमोल म्हणजे तुमचे हेच १६.

हे १६ फार घाबरण्यासारखं नाही. २० च्या वर बहुतेकांना पुरेसं मानतात. डॉक्टरांनी तुम्हाला आठवड्याच्या गोळ्यांचा कोर्स दिला असेल तर माझं वाचून तो बंद करू नका, फक्त किती आठवडे ते कागदावर लिहून घ्या आणि डबी घरातल्या कोणालाही परस्पर पुन्हा आणू देऊ नका. मुतखडा होऊन गेलाय, सारकॉइडोसिस, क्षयरोग किंवा पॅराथायरॉइडचा त्रास आहे, रक्तदाबासाठी थायझाइड किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू आहे, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय १,००० सुद्धा सुरू करू नये. फिटच्या काही औषधांनी डी झपाट्याने खर्च होतं, वजन जास्त असेल तर डोस वाढवावा लागतो. तेही डॉक्टरच ठरवतील. हे सगळं खरं तर आधी लिहायला हवं होतं.

तुमच्या भावाला माझं उत्तर वाचून दाखवा. तो तुमचं भलंच बघतोय, दादाही बघतच होता. पण तो चिडला, "तुला काय कळतं" म्हणाला, तरी माझ्यासारखं गप्प बसू नका.

के२ राहिलं. त्याचा पुरावा अजून तोकडा आहे, त्यासाठी वेगळे पैसे घालवू नका, आणि वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना न विचारता त्याला हातच लावू नये, कारण व्हिटॅमिन के त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं. "के२ सोबत असलं की कॅल्शियम सरळ हाडात जातं, कितीही डी घेतलं तरी भीती नाही," हा दादाचा शेवटचा मुद्दा असतो, आजही असतो. आप्पांच्या कॅल्शियमच्या गोळीत के२ होतं. त्यांचं कॅल्शियम १३.६ आलं, त्याच्या आदल्या रात्रीही त्यांनी ती घेतली होती.