गंजलेली चालेल, अर्धवट नको : शेडमधली जुनी मोटारसायकल घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: शेडमध्ये ९ वर्षं उभी असलेली सिंगल सिलिंडर मोटारसायकल मिळतेय, किक खाली जात नाही, टाकीत गंज आहे, मालक म्हणतात "कार्ब्युरेटर साफ केला की लगेच सुरू होईल", आणि तुम्ही आजवर एकही इंजिन खोललेलं नाही. घ्यावी की सोडावी?

बघायला नक्की जा. फक्त इंजिन सुरू होतंय का, याच्या मागे लागू नका. गाडीवर काय काय जागेवर आहे ते मोजा. माझा निर्णय तरी त्यावरच ठरतो.

मी अशा दोन गाड्या घेतल्या. पहिली गंजून लाल झालेली होती, इंजिन जाम, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. दुसरी चकचकीत, नवा रंग मारलेली, आणि माझ्यासमोर दोन किकमध्ये सुरू झालेली. पहिली आजही मी चालवतो. दुसरी तीन वर्षं अंगणात ठेवून शेवटी सुट्या भागांसाठी एकाला देऊन टाकली.

दुसरीत काय चुकलं ते सांगतो, कारण तुमच्या कामाचं तेच आहे. तिला एअर फिल्टरचा डबा नव्हता, कार्ब्युरेटर दुसऱ्याच गाडीचा बसवलेला होता, एका बाजूचं साइड कव्हर नव्हतं, आणि चेनकडचं इंजिनचं कव्हर फुटून एपॉक्सीने चिकटवलेलं होतं. घेताना वाटलं, या काय फुटकळ वस्तू, मिळतील कुठेही. पण डबा नाही म्हणून हवा जास्त जायची, परका कार्ब्युरेटर तिला जुळेना, जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी भाग) बदलून बदलून कंटाळलो तरी गाडी कधी नीट आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, चालू राहिली नाही. ते कव्हर तर अखेरपर्यंत मिळालं नाही. तेल गळतच राहिलं.

तेव्हा एक गोष्ट कळली. जे भाग घासतात ते मिळतात. पिस्टन, त्याच्याभोवतीच्या रिंगा, क्लच प्लेट, केबल, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, बेअरिंग, ऑइल सील हे सगळ्यांच्याच गाड्यांचे झिजतात, म्हणून कोणी ना कोणी ते बनवत राहतं. बेअरिंग आणि सील तर मापावर मिळतात, गाडी कुठल्या कंपनीची आहे याच्याशी त्यांचा संबंध नसतो. जे भाग कधी झिजत नाहीत, म्हणजे साइड कव्हर, फिल्टरचा डबा, हेडलाइटची वाटी, मीटर, टाकीचं झाकण, इंजिनची कव्हरं, निरनिराळ्या पट्ट्या आणि क्लॅम्प, त्यांना मागणी नसते म्हणून ते कोणी बनवत नाही. मॉडेल बंद पडलं की ते संपले. त्यामुळे गंज चढलेली पण पुरी गाडी ही चकचकीत पण अर्धवट गाडीपेक्षा कितीतरी चांगली. जाण्याआधी त्या मॉडेलचे कारखान्यातून निघाल्यासारखे, दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलवर ठेवा आणि गाडीशेजारी उभं राहून एकेक भाग ताडून बघा.

आता किक न दबण्याबद्दल. याला मी फार घाबरत नाही, पण दोन चौकशा करा. पहिली, गाडी जाम झाली कशी? "चालवता चालवता बंद पडली" आणि "उभी राहून राहून जाम झाली" ही दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत. चालताना जाम झाली असेल तर आत काहीतरी तुटलेलं किंवा जळालेलं असण्याची शक्यता मोठी. उभी राहून जाम झाली असेल तर बहुतेक वेळा रिंगा गंजाने सिलिंडरला धरलेल्या असतात. दुसरी चौकशी, गाडी टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक? बहुतेक फोर-स्ट्रोकच्या क्रँकखाली (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याखाली) तेल साठलेलं असतं, त्यामुळे खालचा भाग बरेचदा शाबूत निघतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगला पेट्रोलबरोबर येणाऱ्या तेलाचा पातळ थर तेवढा मिळतो. वर्षानुवर्षं दमट जागी उभी राहिली की ती बेअरिंग गंजतात, सील कडक होतात. मग क्रँक प्रेसवर उघडून परत सरळ बसवावा लागतो. ते घरचं काम नाही, चांगल्या लेथवाल्याकडेच द्यावं लागतं. टू-स्ट्रोक असेल तर हा खर्च धरूनच भाव करा.

माझ्या पहिल्या गाडीचा प्लग काढून आत टॉर्च मारली, तर पिस्टनच्या माथ्यावर तपकिरी पूड आणि सिलिंडरच्या भिंतीला बरोबर एका रेघेत गंजाची कडी दिसत होती. प्लगच्या भोकातून डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल निम्मंनिम्मं मिसळून ओतलं आणि तसंच ठेवलं. रोज संध्याकाळी गाडी टॉपच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे हलवायचं, एवढंच. जोर लावायचा नाही, किकवर उभं तर अजिबात राहायचं नाही, कारण किकचे दाते तुटतात आणि मग एका कामाची दोन होतात. अकराव्या दिवशी "टक्" असा बारीक आवाज आला आणि चाकाबरोबर पिस्टन नखभर सरकला. तो आवाज मला आजही आठवतो. नंतर सिलिंडर काढून बोअरिंग केलं, म्हणजे तो आतून कातून थोडा मोठा केला, आणि एक माप मोठा पिस्टन घातला. ही मापं साधारण ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढतात. आधीच्या मालकांनी शेवटच्या मापापर्यंत बोअर केलं असेल तर सिलिंडरच्या आत नवा स्लीव्ह (लोखंडी अस्तर) ठोकावा लागतो. पिस्टनच्या माथ्यावर माप कोरलेलं असतं, टॉर्चच्या उजेडात कधीकधी वाचताही येतं.

मालकांचं कार्ब्युरेटरचं वाक्य खोटं म्हणता येणार नाही, पण ते तुमच्या गाडीला लागू नाही. जुनं पेट्रोल आटून त्याचा चिकट लाखेसारखा थर बसतो आणि पायलट जेटचं अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक भोक बुजतं, हे खरं आहे. पण इंजिन फिरतच नाही तिथे कार्ब्युरेटर साफ करून काय होणार? (पुढे तो साफ कराल तेव्हा जेटमध्ये तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो.)

मी जास्त वेळ चेसीवर घालवतो. हँडल जिथे बसतं त्या नळीखाली हात फिरवा. रंगाला सुरकुत्या किंवा बारीक तडा असेल तर गाडी समोरून कशाला तरी धडकलेली असते. मागे उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू फिरवा, मधोमध खटका लागत असेल तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेला, तो स्वस्तातला भाग आहे. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या) पाइपला सील जिथे घासतो तिथे गंजाचे खड्डे असतील तर मात्र नवे सील महिनाभरही टिकणार नाहीत, पाइपच बदलावे लागतात. टाकीवर लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुटी) भरलेली आहे.

टाकीतल्या गंजाचं काम घरी होतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून, आत साध्या लोखंडाची सळई टाकीला न टेकता लटकवायची, १२ व्होल्टच्या चार्जरची धन बाजू सळईला आणि ऋण बाजू टाकीला. सळई स्टेनलेस स्टीलची वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. या कामात हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि आसपास ठिणगी येऊ देऊ नका. आणि पेट्रोलची टाकी, रिकामी असली तरी, वेल्डिंगला परस्पर देऊ नका. आतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

टायर कितीही नक्षीदार दिसले तरी बदलायचेच. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. ड्रम ब्रेक असतील तर जुन्या शूचं लायनिंग सुटून चाक अडकू शकतं, तेही नवेच घाला. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ड्रमची धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. वायरिंगचं लिहित बसत नाही, उंदीर असतील तर पूर्ण नवी टाका.

या सगळ्याआधी मात्र कागद. चेसीवरचा आणि इंजिनवरचा नंबर स्वतः खरवडून, पुसून वाचा आणि नोंदणीच्या कागदाशी आकड्याला आकडा जुळवा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर तिथून निघून या. कागद "नंतर देतो" म्हणाले तर पैसेही नंतरच द्या. ज्यांच्या नावावर गाडी आहे ते हयात नसतील तर वारसाची सही आधी मिळवा. इंजिन खोलता येतं, कागदांचा घोळ वर्षानुवर्षं सुटत नाही, आणि इतकं मन लावून उभी केलेली गाडी रस्त्यावर काढता येत नाही, याचं दुःख फार मोठं असतं.

तुम्ही इंजिन खोललेलं नाही, हे मला अडचण वाटत नाही. मीही खोललेलं नव्हतं. सर्व्हिस मॅन्युअल मिळतंय का ते मात्र आधी बघा, नसेल तर नवशिक्याने त्या मॉडेलच्या नादाला लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या गाडीला मला १४ महिने लागले, प्रत्यक्ष काम जेमतेम दीडशे तासांचं. बाकी सगळा वेळ भागांची वाट बघण्यात आणि लेथवाल्याकडे खेपा घालण्यात गेला. एकूण खर्च खरेदीच्या साडेतीन पट झाला. तेव्हा ही गाडी रोज कामावर जायला हवी असेल तर घेऊ नका, चालती घ्या. आणि ती वर्षभर खोललेल्या अवस्थेत ठेवता येईल अशी बंद, कोरडी जागा तुमच्याकडे नसेल, तरी घेऊ नका.

जागा आहे, कागद जुळतात, गाडी पुरी आहे आणि उभी राहून जाम झालीय, तर मी ती घेईन. भाव "जाम इंजिनची गाडी" म्हणूनच करा, "कार्ब्युरेटर साफ करायचीय" म्हणून नको.

जाताना टॉर्च, प्लग पाना, लोहचुंबक आणि जुनं फडकं न्या. प्लग काढल्यावर आत काय दिसतं त्याचा फोटो इथे टाका, आणि इंजिनखालच्या बोल्टमधून कपभर तेल काढू दिलं तर त्याचाही. तेल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय, त्याचं काय करायचं ते मग सांगतो.