वडिलांचा विसराळूपणा टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनने कमी होईल का?

रावेर तालुक्यात केळीची शेती करणारे आपले 66 वर्षांचे वडील अलीकडे विसरू लागले आहेत, आजोबांना अल्झायमर होता आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) कमी आल्यामुळे कोणीतरी इंजेक्शन सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. मी जळगाव जिल्ह्यात वैद्यकीय व्यवसाय करतो. केवळ स्मरणशक्तीसाठी हे इंजेक्शन देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

चाळिशीनंतर पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटते आणि स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतील भागावरही त्याचा प्रभाव असतो, म्हणून ते भरून काढले की स्मृती सुधारेल असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या, विसराळूपणा जाणवणाऱ्या, 65 वर्षांवरील 493 पुरुषांपैकी काहींना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचे जेल आणि बाकीच्यांना औषध नसलेले जेल दिले, तेव्हा दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीत फरक आढळला नाही. उलट या उपचाराने रक्त घट्ट होऊ शकते आणि प्रोस्टेट या पुरुषांतील ग्रंथीवर लक्ष ठेवावे लागते.

आनुवंशिकतेचा भाग खरा आहे. एपीओई जनुकाचा ई4 हा प्रकार एका पालकाकडून आला तरी अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. तरीही तो असलेल्या अनेकांना हा आजार कधीच होत नाही. व्हिएतनाम युद्धकाळात अमेरिकी सैन्यात असलेल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात ई4 आणि कमी टेस्टोस्टेरॉन एकत्र असलेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान आढळला. हा संबंध महत्त्वाचा आहे, पण त्यावरून उपचार ठरत नाही, म्हणून जनुक तपासणीचीही घाई करू नये.

शेजाऱ्याचे नाव पटकन न आठवणे वेगळे; वर्षानुवर्षे हाताळलेल्या ठिबकचा कोणता व्हॉल्व्ह कोणत्या वाफ्याचा हे न उमजणे किंवा मजुरांची मजुरी दोनदा चुकती करणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे काही घडत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर दाखवावे. त्याआधी बी12 जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि ऐकू येणे तपासून घ्यावे. वडील माळकरी असतील तर बी12 विशेषतः, कारण शाकाहारी माणसांत त्याची कमतरता नेहमी आढळते आणि ती भरून काढता येते. झोप आणि मनाची उदासी यांचीही चौकशी करावी. टेस्टोस्टेरॉनची तपासणी दुपारी झाली असल्यास ती सकाळी उपाशीपोटी पुन्हा करून घ्यावी.