वाचकांचे प्रश्न : मोठी मरी आणि मजुराचा भाव

प्रश्न : मंगोल सैन्याने काफा शहरात प्लेगची प्रेते भिरकावली आणि त्यातून चौदाव्या शतकात सगळ्या युरोपात प्लेग पसरला, असे वाचनात येते. हे खरे मानावे का?

उत्तर : ही कथा मुख्यतः पिआचेंझा या इटालियन शहरातील गाब्रिएले दे मुस्सी या लेखनिकाच्या वृत्तांतावर उभी आहे आणि वेढ्याच्या वेळी तो काफात नव्हता. सुवर्ण टोळी या मंगोल राज्याचा खान जानी बेग याने जेनोआच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यातील काळ्या समुद्रावरच्या या बंदराला 1346 मध्ये वेढा घातला होता आणि त्याच्या छावणीत मरी शिरली होती, इतके मान्य करण्यास हरकत नाही. प्रेते तटाआत फेकलीही गेली असतील. पण प्लेग शहरात येण्यासाठी त्याची गरज नव्हती, कारण हा रोग मुळात उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांचा आहे आणि उंदराला कोणताही तट अडवू शकत नाही. पिसवेच्या पोटात जंतू वाढून तिचा अन्नमार्ग तुंबतो, भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक दंशाबरोबर जंतू परत रक्तात ओकते. उंदीर पडू लागले की या पिसवा माणसाकडे वळतात. माणसांच्या अंगावरच्या पिसवा आणि उवा यांचाही प्रसारात मोठा वाटा असावा, असे काही संशोधक मानतात.

काफाचा खरा दोष व्यापाराचा होता. धान्य घेऊन जाणाऱ्या जहाजांतून उंदीर आणि पिसवा दोन्ही सुखाने प्रवास करीत. 1347 च्या ऑक्टोबरात जेनोआची बारा गलबते सिसिलीतील मेसिना बंदराला लागली, वर्ष संपण्यापूर्वी फ्रान्समधील मार्सेय बंदर गाठले गेले, 1348 च्या उन्हाळ्यात रोग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला आणि 1353 पर्यंत मॉस्कोही सुटले नाही. आधी बंदर, मग नदीकाठचे बाजारपेठेचे गाव आणि शेवटी आडवाटेचे खेडे, हा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. त्याच काळात अलेक्झांड्रिया आणि कैरो येथेही हीच मरी थैमान घालीत होती, हे आपण युरोपाच्या इतिहासातून वाचत असल्यामुळे सहसा विसरतो.

प्रश्न : त्या काळी जनगणना नव्हती. मग निम्मी लोकसंख्या मेली, हे कशावरून सांगतात?

उत्तर : मृतांची यादी कोणी केली नाही, पण मृत्यूमुळे ज्यांना काही द्यावे किंवा घ्यावे लागे, त्यांनी नोंदी ठेवल्या. इंग्लंडमध्ये कूळ मेले की त्याच्या घरचे उत्तम जनावर जमीनदाराकडे जाई, त्यामुळे गढीच्या न्यायसभेच्या दप्तरात मृत कुळांची नावे आपोआप उतरली. एखाद्या गावचा धर्मगुरू दगावला की बिशपला दुसरा नेमावा लागे. त्या नेमणुकांच्या वह्यांवरून कित्येक धर्मप्रांतांत चाळीस टक्क्यांहून अधिक धर्मगुरू गेल्याचे दिसते. इंग्लंडमधील बाथ आणि वेल्स या धर्मप्रांताच्या बिशपने तर जानेवारी 1349 मध्ये कळविले की धर्मगुरू मिळत नसेल, तर मरणाऱ्याने आपली पापे कोणाही सामान्य माणसाजवळ, प्रसंगी स्त्रीजवळही, कबूल करावीत. ज्या चर्चने हा अधिकार एरवी कोणाच्या हाती जाऊ दिला नसता, त्याच्यावर कोणती वेळ आली होती, हे या एका पत्रातून आकड्यांपेक्षा अधिक कळते. अशा साधनांवरून इतिहासकार युरोपाची तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या गेली असे मानतात, पण हे प्रमाण सर्वत्र सारखे नव्हते. मिलान शहराची पहिल्या लाटेत पुष्कळ कमी हानी झाली.

प्रश्न : प्लेगमुळे सरंजामशाही संपली, असे आमच्या प्राध्यापकांचे म्हणणे आहे. आपले मत काय?

उत्तर : या वाक्यात मधली पायरी गाळलेली आहे. मरीने माणसे कमी केली, जमीन मात्र जेवढी होती तेवढीच राहिली. पीक उभे होते आणि कापणाऱ्याचा तुटवडा होता, त्यामुळे मजूर दुप्पट दाम मागू लागले आणि ते न मिळाल्यास शेजारच्या जमीनदाराकडे जाऊ लागले. शतकानुशतके ज्याला गाव सोडण्याची मुभा नव्हती, त्या भूदासालाही आता कोणी ना कोणी काही न विचारता कामावर ठेवीत होते.

इंग्लंडच्या राजसत्तेने यावर तातडीने कायदा केला. मरी ओसरलीही नव्हती तेव्हा, जून 1349 मध्ये, राजा तिसऱ्या एडवर्डच्या सरकारने फर्मान काढले की उपजीविकेचे स्वतःचे साधन नसलेल्या साठ वर्षांखालील प्रत्येक धडधाकट स्त्री-पुरुषाने मरीपूर्वीच्या दरानेच काम केले पाहिजे. 1351 च्या कायद्यात तर दरच लिहून टाकले : ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कापणी करणाऱ्यास दिवसाला 2 पेन्स, दुसऱ्या आठवड्यापासून 3 पेन्स, मुख्य सुताराला 3 पेन्स आणि इतर सुतारांना 2. हे दर मोडले म्हणून हजारो लोकांना दंड झाला. इतका दंड करावा लागला यावरूनच कायदा किती पाळला गेला याचा अंदाज येतो. 1363 मध्ये कोणत्या थराच्या माणसाने कोणते कापड नेसावे हेही संसदेने ठरवून पाहिले. नांगऱ्याच्या बायकोच्या अंगावर चांगले कापड दिसू लागल्याची तक्रार त्यामागे असावी, असे मला वाटते. तो कायदा लवकरच मागे घ्यावा लागला.

1361 मध्ये मरी परत आली आणि पुढेही येत राहिली, त्यामुळे लोकसंख्या सावरली नाही आणि मजुराचे बळ टिकले. त्यातच सरकारने डोईपट्टी लादली, तिसऱ्या खेपेस माणशी सरासरी एक शिलिंग, म्हणजे 12 पेन्सप्रमाणे. 1381 चे बंड त्यातून पेटले. बंडाचा पुढारी वॉट टायलर मारला गेला आणि बंड मोडले, तरी पुढच्या पिढ्यांत भूदासत्व इंग्लंडमधून हळूहळू विरत गेले.

आता याच मरीचा दुसरीकडे काय परिणाम झाला ते पाहावे. जर्मनीतील एल्ब नदीच्या पूर्वेस पुढच्या शतकांत जमीनदारांनी उरलेल्या माणसांना जमिनीशी अधिकच घट्ट बांधले. इजिप्तमध्ये नाईलचे कालवे आणि बांध राखायला हात उरले नाहीत, शेती खचली, आणि तिथे राज्य करणाऱ्या मामलुक सरदारांनी उरलेल्या शेतकऱ्यांकडूनच आपला वसूल काढण्याचा प्रयत्न केला. तुटवडा सगळीकडे होता, पण त्याचा लाभ मजुराला व्हावा की जमीनदाराला, हे त्या त्या ठिकाणची सत्ता, बाजार आणि पळून जाण्याची सोय यांनी ठरविले. म्हणून आपल्या प्राध्यापकांचे विधान इंग्लंडपुरते आणि तेही अर्धेच मी मान्य करीन.

प्रश्न : मरी पसरावी म्हणून विहिरीत विष कालवल्याचा आरोप ज्यूंवर का आला?

उत्तर : रोगाचे कारण माहीत नव्हते आणि द्वेष मात्र जुना होता. पोप सहावा क्लेमेंट याने 1348 मध्ये स्पष्ट लिहिले की ज्यू स्वतःही याच मरीने मरत आहेत, तेव्हा आरोप टिकत नाही. स्ट्रासबर्ग येथे 14 फेब्रुवारी 1349 रोजी शेकडो ज्यूंना जाळण्यात आले, आणि त्या दिवसापर्यंत प्लेग शहरात पोहोचलाही नव्हता. त्यांच्याकडून घेतलेली कर्जे त्यानंतर रद्द झाली, हेही विसरू नये.

प्रश्न : चोचीचा मुखवटा घातलेले प्लेगचे वैद्य खरोखर होते का?

उत्तर : होते, पण सतराव्या शतकात. मध्ययुगीन चित्रात तो मुखवटा दिसला तर चित्र नंतरचे समजावे. 1348 मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने मरीचे मूळ 1345 मधील शनी, गुरू आणि मंगळ यांच्या कुंभ राशीतील युतीत शोधले होते. पोपचा शल्यवैद्य गी द शोलियाक अधिक डोळस होता. पोपचे तेव्हा वास्तव्य असलेल्या फ्रान्समधील आव्हिन्यो येथे त्याने रोगाचे दोन प्रकार नोंदवले : पहिले दोन महिने ताप येऊन रक्त थुंकणारे रोगी तीन दिवसांत दगावत, नंतर काखेत व जांघेत गाठी येणारे पाच दिवसांत. त्याला स्वतःलाही गाठ आली. ती पिकली आणि सहा आठवड्यांच्या दुखण्यातून तो उठला.