शाफ्ट दरवेळी एकाच जागी तुटतोय, मटेरियल बदलू का?

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. पट्ट्यावर चालणारा ब्लोअर, १४४० आरपीएम (मिनिटाला १४४० फेरे), आणि शाफ्ट दर काही महिन्यांनी पुलीकडच्या बेअरिंगला लागूनच, स्टेपवर (जिथे जाडी बदलते) तुटतो, असं तुम्ही लिहिलंय. लोड वाढलेला नाही, लॅबनं 'मटेरियल ओके' लिहून दिलंय आणि आता तुम्ही जास्त मजबूत स्टील मागवायच्या बेतात आहात. ऑर्डर जरा थांबवा.

हे फटीग आहे (पुन्हापुन्हा बसणाऱ्या ताणानं हळूहळू वाढणारा तडा), यात मला फारशी शंका नाही. तार मागेपुढे वाकवली की तुटते वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो. हिशोब मात्र करून बघा. पट्ट्याची ओढ एकाच दिशेला असते पण शाफ्ट फिरतो, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. दिवसरात्र चालत असेल तर रोज वीस लाखांच्या वर फेरे. स्टीलची सहनशक्ती, म्हणजे ज्याच्या खालच्या ताणाला ते तुटतच नाही ती मर्यादा, साधारण दहा लाख ते एक कोटी फेऱ्यांच्या दरम्यान ठरते, आणि तुमचा शाफ्ट एक कोटी पहिल्याच आठवड्यात ओलांडतो. तरीही तो महिनोन्‌महिने टिकतो, याचा अर्थ ताण मर्यादेच्या किंचितच वर आहे. म्हणजे थोडा कमी केला तरी भागेल. (गंज लागणारी हवा असेल तर हा हिशोब चालत नाही, तिथे अशी मर्यादाच उरत नाही.)

आता लॅब. आमचाही शाफ्ट असाच तुटायचा. नाव घेत नाही, पण आमचं सगळ्यात जास्त नुकसान शाफ्टनं नाही, त्या रिपोर्टनं केलं. तुटलेला तुकडा दिला, तर त्यांनी आधी तोंड (तुटलेला पृष्ठभाग) वायरब्रशनं घासून चकचकीत केलं. मग हार्डनेससाठी नमुना कापला तो नेमका कडेच्या त्या भागातून, जिथून तडा सुरू झाला असणार. आणि लिहिलं काय? रासायनिक घटक बरोबर, हार्डनेस बरोबर, 'भंग अतिभारामुळे'. तो एक शब्द वाचून वरचे लोक महिनाभर ऑपरेटरच्या मागे लागले. ओव्हरलोड रिलेचं (भार वाढला की मोटर बंद करणाऱ्या स्विचचं) सेटिंग खाली आणलं, मशीन उगाच ट्रिप होऊ लागलं. शेवटी महागडं अलॉय स्टील आलं, ड्रॉइंग तेच, कोपरा तोच, आणि तोही तिथेच तुटला. स्टील जितकं ताकदवान तितकं ते खाचेला जास्त हळवं. वाढीव ताकदीतला बराच भाग तीक्ष्ण कोपरा खाऊन टाकतो.

उलगडा झाला तो दुसऱ्या अर्ध्या तुकड्यावरून. लॅबला एकच बाजू दिली होती, जोडीची बाजू भंगारात पडून होती. वरवर गंज होता, तरी दिव्याखाली तिरकं धरल्यावर दिसलं: कडेला सगळीकडून बारीक पायऱ्यांसारख्या रेघा, म्हणजे तडे एका ठिकाणाहून नाही, अनेक ठिकाणांहून सुरू झालेले. आत शिंपल्यावर असतात तशा कमानी, गुळगुळीत. आणि शेवटी एका बाजूला छोटासा खरबरीत भाग, जो एका दमात तुटला. तो भाग एवढा लहान म्हणजे शाफ्टवर भार फार नव्हताच. अतिभाराचं तोंड असं दिसत नाही. (कोणी तो खरबरीत भाग दाखवून 'कंपनानं स्टीलचे क्रिस्टल झाले' म्हणालं तर दुर्लक्ष करा. रेल्वेच्या आसांबद्दल ही समजूत स्कॉटिश अभियंता रँकिननं १८४३ मध्येच खोडली होती, आणि शोल्डरला (स्टेपच्या पायरीला) मोठी गोलाई द्या असंही तेव्हाच सांगितलं होतं.)

स्टेपच्या कोपऱ्यावर नख फिरवून पाहा. आमच्याकडे नख अडकत होतं. ड्रॉइंगमध्ये रेडियस (कोपऱ्याची गोलाई) होता, पण रेडियस ठेवला की बेअरिंग शोल्डरला पूर्ण टेकत नाही, म्हणून टर्नर तो काढून कोपरा तीक्ष्ण करून देत असे. त्याला एकट्याला दोष देऊ नका. बेअरिंगच्या कडेची गोलाई न बघता रेडियस लिहिणाराही तितकाच जबाबदार. उपाय सोपा: मोठा रेडियस ठेवा, आणि शोल्डर व बेअरिंगच्या मध्ये आतून मोठा चॅम्फर (तिरकी कापलेली कड) दिलेली स्पेसर रिंग घाला. रेडियसला पॉलिश करा, टूलच्या रेघा राहू देऊ नका. तीक्ष्ण कोपऱ्यात ताण अडीच-तीन पट होऊ शकतो, चांगल्या गोलाईत तो दीडपटीच्या आसपास येतो. तुम्हाला हवी असलेली कपात यातच निघते.

पट्टा किती ताणलाय तेही पाहा. 'घसरतोय, अजून ओढ' ही सवय शाफ्टच्या मुळावर येते.

झिजलेल्या सीटवर (बेअरिंग बसतं त्या जागेवर) वेल्डिंग भरून पुन्हा टर्निंग करायचा सल्ला कोणी देईल. माझं स्पष्ट मत, फिरत्या शाफ्टवर हे करूच नये. हार्ड क्रोमच्या मुलाम्याबद्दलही सावध राहा, झीज थांबते पण फटीगची ताकद सहसा घटते.

अर्थात मी तुमचं मशीन पाहिलेलं नाही, फक्त वर्णनावरून बोलतोय. पुढचा तुटला तर दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून बघू नका, तोंडं घासली जातात. ब्रश लावू नका, पाणी असेल तर वाळवा, हलकं तेल लावून वेगवेगळे गुंडाळून ठेवा. आत्ता जुने तुकडे असतील तर बाजूनं उजेड टाकून दोन्ही तोंडांचे फोटो टाका, आणि कोपऱ्याचा रेडियस गेजनं मोजून सांगा.