आफ्रिकेची बी, वेंगुर्ल्याचं नाव

प्रश्न: दोडामार्ग तालुक्यात माझा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. बी आसपासच्या बागायतदारांकडूनच घेते. बाजारात एक जण आफ्रिकेतून आलेली बी फोडून 'अस्सल वेंगुर्ला काजू' म्हणून माझ्याहून स्वस्त विकतो. पाकिटावर 'आफ्रिकी' असं छापायला त्याला भाग पाडता येईल का?

उत्तर: ताई, तेवढंच धरून बसलात तर हाती काही लागणं अवघड आहे. आयात खाद्यपदार्थावर मूळ देशाचं नाव लागतंच. पण 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार, पदार्थाचं स्वरूप बदलणारी प्रक्रिया दुसऱ्या देशात झाली तर तो देश मूळ देश धरतात. गर इथे काढला, असं म्हणून तो याच तरतुदीवर बोट ठेवेल. शिवाय बेनिन किंवा टांझानियाची बी आणणं कायदेशीर आहे, ती भेसळ नव्हे. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं नाव घेऊन 'भेसळ' लिहू नका. अब्रुनुकसानीची नोटीस तुम्हालाच येईल.

तो अडकतो 'वेंगुर्ला' या शब्दात. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच लावता येतं. बाहेरच्या बीला ते नाव लावणं हा मानांकनाच्या कायद्याचा भंग आहे, आणि त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. दिशाभूल करणारं लेबल अन्नसुरक्षा कायद्यातही बसतं. कलम 52 खाली तीन लाखांपर्यंत दंड होतो.

पुरावा मात्र नीट जमवा. दोन पाकिटं पक्क्या बिलावर घ्या, न फोडता ठेवा, परवाना क्रमांक दिसेल असे फोटो काढा. प्रयोगशाळेवर पैसे घालू नका. नेहमीच्या तपासणीत गराचा दर्जा कळतो, झाड कुठलं ते नाही. खरं उत्तर त्याच्या खरेदीच्या बिलांत आहे. म्हणून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देताना 'बी खरेदीच्या नोंदी तपासाव्यात' अशी स्पष्ट मागणी लिहा आणि पोच घ्या. तीच तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही द्या. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 17 खाली ती घेतली जाते. ग्राहक आयोगात जाऊ नका. तुम्ही त्याच्या स्पर्धक आहात, ग्राहक नव्हे.

आता तुमच्या बाजूचं. मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्या म्हणून तुमची नोंद आहे का? नसेल तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे आधी अर्ज करा. मनाई हुकुमासाठी जिल्हा न्यायालयात स्वतः उभं राहायला ती नोंद लागते. आणि हंगाम सरल्यावर तुम्हीही कधी बाहेरची बी मिसळत असाल, तर पहिल्यांदा स्वतःचं लेबल सुधारा. समोरचा वकील तेच विचारणार.

नुसतं 'देशी' किंवा 'गावठी' छापून काही सिद्ध होत नाही. गावाचं नाव छापा, आणि कुठल्या बागायतदाराकडून किती बी घेतली याची तारखेसह वही ठेवा. आपल्या बागायतदाराला दर मिळावा असं मलाही मनापासून वाटतं, पण न्यायालयात ही वहीच उपयोगी पडते. वही आणि बिलं तयार झाली की मला पाठवा, नोटिशीचा मसुदा त्यावरूनच करू.