त्या दिवशी टेबलावर काय होतं?

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

माइक गिलिसवरचा तुझा मसुदा वाचला. पहिल्या पानावर तो व्हँकुव्हर कनक्स या कॅनडातल्या आइस हॉकी संघाला लाभलेला सर्वात हुशार जनरल मॅनेजर (खेळाडूंचे करार आणि अदलाबदल ठरवणारा) आहे, चौथ्या पानावर त्यानेच संघाची वाट लावली आहे, आणि शेवटी तू विचारतेस, ‘काका, नेमकं काय लिहू?’ तिथे शिकायला गेल्यावर तुला दोन्ही बाजूंनी ओढणारे भेटणारच. २०११ च्या अंतिम फेरीतल्या हारेची जखम त्या शहरात अजून ओली आहे. पण गोंधळ त्यांच्यामुळे झालेला नाही. तू प्रत्येक निर्णय त्याच्या शेवटावरून मोजते आहेस. शेवट सारखा पुढे सरकतो, म्हणून तुझं मतही सरकतं.

एकच प्रश्न विचार. निर्णय घेतला त्या दिवशी टेबलावर काय होतं?

संघाचा गोलकीपर लुआँगो याचा करार घे. सप्टेंबर २००९, बारा वर्षं, ६.४ कोटी डॉलर. तू लिहिलंस, ‘या करारामुळे संघाला २०१९ नंतर तीन वर्षं दरवर्षी ३० लाखांहून जास्त भुर्दंड बसला.’ बसला, खरंय. पण तो ज्या नियमाने बसला (लांब कराराचा खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला तर संघाला दंड) तो नियम आला २०१३ च्या जानेवारीत, लॉकआउट म्हणजे मालकांची टाळेबंदी संपवणाऱ्या, लीग आणि खेळाडू संघटनेतल्या नव्या करारात, आणि तोही जुन्या करारांना मागे जाऊन लावला. २००९ साली ते कलम अस्तित्वातच नव्हतं. लांब करार करून सॅलरी कॅपमधला (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेतला) वार्षिक भार खाली आणणं तेव्हा नियमात बसत होतं आणि दुसरे संघही तेच करत होते. बारा वर्षं फार झाली असं म्हणायचं असेल तर जरूर म्हण, तिशीतल्या गोलकीपरबद्दल ते त्या दिवशीही म्हणता आलं असतं. भुर्दंडाचा दोष मात्र त्याच्या माथी मारू नकोस.

हे मी इतक्या तावातावाने का लिहितोय, ते तुझ्या आईला माहीत आहे. मी एका कारखान्यात खरेदी खात्यात होतो. आयात मालाचा एक मोठा करार माझ्या सहीने झाला. त्या दिवशी तोच सर्वात स्वस्त होता, दर्जाचे अहवाल फायलीत होते. पुढे आयात शुल्क बदललं, हिशेब उलटा झाला, आणि ज्यांनी त्या बैठकीत माना डोलावल्या होत्या त्यांनीच मला दूरदृष्टी नाही असा शेरा मारला. तीच कागदपत्रं आज समोर ठेवलीस तर आजही मी तिथेच सही करीन. खंत माझ्या बढतीची नाही. माझ्याबरोबर सही करणारा एक तरुण सहकारी त्या शेऱ्याखाली कायमचा दबला, ती खंत आहे, आणि ती जात नाही.

असो. पण हा प्रश्न म्हणजे गिलिसला सोडवण्याची पळवाट समजू नकोस. तो दोन्हीकडून कापतो.

जून २०१० मधला बचावपटू कीथ बॅलर्डचा व्यवहार बघ. ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) पहिल्या फेरीची निवड, आणि मायकेल ग्राबनर व स्टीव्ह बर्निए हे दोन खेळाडू देऊन त्याने फ्लोरिडा संघाकडून बॅलर्ड आणला. तू लिहिलंस, ‘ग्राबनरने पुढच्याच हंगामात ३४ गोल केले, म्हणून व्यवहार वाईट.’ अगं, त्याच ग्राबनरला फ्लोरिडाने ऑक्टोबरमध्ये वेव्हर्सवर (दुसऱ्या संघाने फुकट उचलावं अशा यादीत) सोडून दिलं आणि न्यूयॉर्क आयलंडर्सने उचललं! ते ३४ गोल फ्लोरिडालाही दिसले नव्हते. व्यवहार वाईट होता तो वेगळ्या कारणाने: बॅलर्डचा वार्षिक ४२ लाखांचा करार आणखी पाच हंगाम उरलेला होता, आणि करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडायला जेमतेम आठवडा असताना एवढी किंमत मोजली गेली. त्याच बाजारात गिलिसने डॅन हॅमह्यूससारखा बचावपटू ४५ लाखांत घेतला आणि त्याच्या बदल्यात काहीच द्यावं लागलं नाही. हे सगळं त्या दिवशी दिसत होतं. इथे त्याला धर, आणि घट्ट धर.

श्रेयाचंही तसंच. जेकब मार्कस्ट्रॉम पुढे संघाचा मुख्य गोलकीपर झाला म्हणून मार्च २०१४ मध्ये लुआँगोला फ्लोरिडाला देऊन त्याला आणण्याचा व्यवहार थोर ठरवू नकोस. २०१३ च्या ड्राफ्टच्या दिवशी तरुण गोलकीपर कोरी श्नायडर देऊन नववी निवड घेतली, तिच्यातून बो होर्व्हॅट मिळाला आणि तो पुढे कर्णधार झाला. छान झालं. पण त्या दिवशी टेबलावर काय होतं? दोन उत्तम गोलकीपर होते, आणि लुआँगो कराराच्या ओझ्याने विकला जात नव्हता. म्हणून तरुण गेला, आणि वर्षाच्या आत थोरलाही गेला. ही कोंडी एका दिवसात झाली नव्हती. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीवरचा सर्वात गंभीर आक्षेप हाच आहे, आणि तू त्याला दोन ओळी दिल्यास!

‘संघ त्याला आयता मिळाला’ हे वाक्य मात्र मला अजिबात पटलं नाही. संघाचे आघाडीचे खेळाडू सेडीन भाऊ यांना १९९९ मध्ये ब्रायन बर्कने घेतलं, लुआँगोला २००६ मध्ये डेव्ह नोनिसने आणलं, आणि हे दोघे गिलिसच्या आधीचे मॅनेजर, हे बरोबर. पण सेडीन जुलै २००९ मध्ये करारातून मोकळे होणार होते. प्रत्येकी ६१ लाखांवर पाच वर्षांसाठी त्यांना राखलं कोणी? सॅन होजे संघाला कॅपमध्ये जागा हवी आहे हे ओळखून बचावपटू क्रिस्टियन एरहॉफला जवळजवळ फुकटात आणलं कोणी? मॅनी मल्होत्राला संघात घेतलं कोणी? २०१०-११ मध्ये ११७ गुण, संघाच्या इतिहासातली पहिली प्रेसिडेंट्स ट्रॉफी (साखळी सामन्यांत सर्वाधिक गुणांबद्दलची), आणि त्याच वर्षी गिलिसला सर्वोत्तम जनरल मॅनेजरचा मान. मग अंतिम फेरीत बोस्टनविरुद्ध सात सामन्यांत फक्त ८ गोल झाले, १५ जूनला घरच्या मैदानावर ४-० अशी हार, आणि शहरात दंगल. हॅमह्यूस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला होता. तो सातवा सामना जिंकला असता तर एप्रिल २०१४ ची हकालपट्टी कदाचित झाली नसती, पण बॅलर्डचा व्यवहार तेवढाच वाईट राहिला असता. कळतंय ना?

ड्राफ्टबद्दल तुझा राग योग्य आहे. एखादी निवड फसली तर मी बोलणार नाही. २००८ ते २०१२ अशी पाच वर्षं फसली तर तो निवडणाऱ्या खात्याचा दोष, आणि खातं त्याचं होतं. वरच्या क्रमांकाच्या संघाला उशिरा निवड मिळते ही सबब थोडीच पुरते, कारण २००८ साली त्याच्या हातात दहावी निवड होती.

आता मसुदा पुन्हा लिही. प्रत्येक व्यवहाराची तारीख वर टाक आणि खाली फक्त त्या तारखेपर्यंतची वर्तमानपत्रं वाचून मांड. नंतरचं काही आलं तर खोड. श्नायडर आणि लुआँगोचा भाग सर्वांत आधी कर आणि तेवढाच मला पाठव. बाकीचं नंतर बघू.

तुझा,
काका