दुधाचं बिल फुगलंय, चूक कुठं शोधू?

प्रश्न: सर, मी खानापूरचा, बेळगावात बीसीए करतोय. गावच्या डेअरीसाठी पायथनमधे बिल काढायचा प्रोग्राम केलाय पण ५ लिटर आणि दर ४० टाकला की २०० यायच्या जागी पाच-पाच-पाच अशी लांबच लांब रांग येते ओ, सगळीकडं प्रिंट घालून बघितलं, काय कळंना. (एक वाचक)

उत्तर: प्रिंट घालून कळणार नाही रे, कारण प्रिंट केल्यावर आकडा ५ आणि मजकूर '५' दोन्ही सारखेच दिसतात. व्हीएस कोडमधे (कोड लिहायच्या एडिटरमधे) गुणाकाराच्या ओळीवर कर्सर ठेव, एफ९ दाब, लाल ठिपका येईल, मग एफ५ ने चालव. प्रोग्राम त्या ओळीवर थांबला की डावीकडं व्हेरिएबल्स बघ, लिटरच्या ५ भोवती अवतरणचिन्हं दिसतील बघ. इनपुट कायम स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच देतो. दराचा तू आकडा केलेला दिसतोय, लिटरचा राहिलाय, आणि स्ट्रिंगला ४० नी गुणलं की पायथन ती ४० वेळा जोडून देतो, एरर वगैरे काही नाही, हेच तर वाईट. लिटरला फ्लोट (दशांशाचा आकडा) लाव, इंट (पूर्णांक) नको, साडेपाच लिटर घालणारा कोण तरी येणारच की! पुढं एकेक ओळ सरकायला एफ१०, फंक्शनच्या आत शिरायचं असलं तर एफ११.